कण्णु मुच्च्री, आजी

फर्स्ट इयरला न्यूरोअ‍ॅनाटॉमी मी पाठ केली होती, शिकले नव्हते, हे आता इंटर्नशिपला कळतंय. डिसेक्शन हॉलमधे फॉर्मलिनच्या वासात मेंदूचे काप बघायचे, इंटर्नल कॅप्सूल (मेंदूत खोल आत तारांचा दाट जुडगा जातो ती जागा) रंगीत पेनांनी काढायचं, व्हायव्हात घडाघडा म्हणायचं आणि परीक्षा झाली की सगळं विसरून बेळगावचा कुंदा (खव्याची मिठाई) खायला मोकळं. या चित्रांचा बेडवरच्या माणसाशी काय संबंध ते सरांनी सांगितलं असणारच, पण माझं लक्ष मार्कांत.

ट्यूब पेटली ती बेळगावात टिळकवाडीतल्या रेल्वे गेटांमुळे, खरंच. पहिलं गेट, दुसरं गेट, तिसरं गेट. रुळाच्या पल्याड जायचं तर घराजवळच्याच गेटात ओलांडा, नाहीतर रुळाच्या कडेकडेनं जाऊन शेवटच्या गेटात ओलांडा. पाठीच्या कण्यातल्या तारांचं डिट्टो असंच. दुखणं आणि गरम-गार सांगणाऱ्या तारा मज्जारज्जूत शिरल्या की लगेच, एकदोन टप्प्यांतच पल्याड जातात, पण बारीक स्पर्श नि ट्यूनिंग फोर्कची थरथर सांगणाऱ्या तारा आल्या त्याच बाजूनं सरळ वर जातात आणि पार मेडुलात (मेंदूचं सगळ्यात खालचं टोक, मज्जारज्जूला जोडलेलं) पोचल्यावर बाजू बदलतात. मेंदूकडून स्नायूंना हुकूम घेऊन उतरणाऱ्या बहुतेक तारा पण मेडुलाच्या खालच्या टोकालाच ओलांडतात. म्हणून मज्जारज्जूची फक्त उजवी बाजू कापली गेली तर उजवा पाय हलत नाही, थरथर उजव्याच पायाला कळत नाही, पण टाचणी टोचलेली कळत नाही ती डाव्या पायाला! ब्राउन-सेकार्ड सिंड्रोम. आधी मला हा जादूचा प्रयोग वाटायचा, गेटं डोक्यात बसली आणि पाठांतर संपलं.

एवढं कळल्यावर माणूस जरा हवेत जातो, तशी मी पण गेले.

मेडिसिन वॉर्डात सकाळपासून सगळे पेशंट बैलहोंगल, गोकाककडचे, त्यामुळे तोंडात कन्नडच बसलेलं. त्यात खानापूरकडच्या एक आजी आल्या, सत्तरीच्या, बीपीच्या गोळ्या मधेच सोडलेल्या. लेक म्हणाली "आईच्या अंगावरून वारं गेलंय", आणि फाईल करायला काउंटरला पळाली. उजवा हात, उजवा पाय दोन्ही लुळे, तोंड डावीकडं ओढलेलं, पण भुवया वर केल्या तर कपाळाला दोन्हीकडं आठ्या पडत होत्या, म्हणजे दोष चेहऱ्याच्या नसेत नव्हे, वर मेंदूतच (कपाळाला दोन्ही बाजूंच्या मेंदूकडून तारा येतात, म्हणून ते वाचतं). इथपर्यंत बरोबर. मग मी म्हणाले, "कण्णु मुच्च्री." आजी माझ्याकडं बघत राहिल्या. "कै एत्री." तरी नुसत्या बघतायत. डावा हात धड होता, तोही उचलला नाही. मी ऐटीत लिहिलं, बोललेलं समजत नाही, डाव्या बाजूची मोठी रक्तवाहिनी बंद, भाषेचा भाग गेला.

राउंडला मॅडम आल्या, शीट वाचली, आजींच्या उशाशी बसल्या आणि म्हणाल्या, "आजी, डोळे मिटा बघू." आजींनी मिटले. "डावा हात वर करा. जीभ दाखवा." सगळं केलं, आणि नाव विचारल्यावर जड जिभेनं का होईना नाव, गाव, किती लेकरं, सगळं सांगितलं.

"यांना कन्नड येतं असं तुला कोण म्हणालं?"

मला जमीन दुभंगून आत घेईल तर बरं असं झालं. चूक नुसती भाषेची असती तर वेगळं, पण त्या एका ओळीनं मी आजार मेंदूत दुसऱ्याच जागी नेऊन ठेवला होता. मेंदूच्या पृष्ठभागावर तोंड, हात, पाय यांच्या जागा लांब लांब पसरलेल्या, त्यामुळे तिथं इजा झाली की बहुधा हात जास्त, पाय कमी असं होतं आणि डावीकडं असेल तर भाषाही तडाख्यात सापडते. खोल आत कॅप्सूलमधे मात्र त्याच सगळ्या तारा बोळातल्या गर्दीसारख्या चिकटून जातात, तिथं एवढासा ठिपका सुद्धा तोंड-हात-पाय सारखेच पाडतो आणि समज शाबूत राहते. आजींना टाचणी कळत होती, भाषा कळत होती, तिन्ही सारखे अधू. एमआरआयवर डाव्या कॅप्सूलच्या मागच्या फांदीत पांढरा ठिपका, ज्वारीच्या दाण्यापेक्षा थोडा मोठा.

मॅडमनी त्या दिवशी अजून एक सांगितलं, दोन भाषा येणाऱ्याला लकवा झाला तर दोन्ही सारख्याच जातील असं नाही. १८९५ मधे पित्र नावाच्या फ्रेंच डॉक्टरनं लिहून ठेवलंय की रोजच्या वापरातली भाषा बहुतेकदा आधी परत येते, तरी प्रत्येकाचं तसंच होईल याची खात्री नाही. आता बेळगावात घरात मराठी, ऑफिसात कन्नड, दुकानात हिंदी, असा माणूस एकाच भाषेत तपासून कसं चालेल? आता मी हातोडी काढायच्या आधी विचारते, घरात काय बोलता? आणि हे पेशंटला नाही, सोबतच्याला.

तिसऱ्या दिवशी आजींचा पाय थोडा हलायला लागला होता. मी बीपी बघत होते तर जड जिभेनं हळूच म्हणाल्या, "परवा काय गे सांगत होतीस मला? मला वाटलं सुईचं कायतरी असंल, म्हणून गप बसले."