पांबनची सामुद्रधुनी, 1:160 (नोंद चौथी): आधी महिना ठरवा, मग पाणी ओता

मागच्या नोंदीत मॉडेलमधल्या पुलाचे खांब उभे करून थांबलो होतो. गेल्या तीन आठवड्यांत पाणी (म्हणजे ओतल्यावर कडक होणारं रेझिन) ओतलं, घासून काढलं आणि पुन्हा ओतलं.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात: प्रत्यक्षाच्या एकशेसाठाव्या भागाएवढं हे मॉडेल मी फळीवर करतोय. मंडपम आणि रामेश्वरम बेट यांच्यामधली ही चिंचोळी सामुद्रधुनी, आणि तिच्यावरचा 1914 चा रेल्वे पूल. पूल 2 किलोमीटरहून थोडा जास्त. आपल्या मापात अख्खा धरला तर 13 मीटरच्या घरात जातो. म्हणून मधला, जहाजांसाठी दोन पात्यांनी वर उघडणारा शेर्झर गाळा (फळीवर 43 सेंमी) आणि दोन्ही बाजूंना मिळून 12 साधे गाळे, एवढंच घेतलंय. इथे 2007 पर्यंत मीटर गेज होती, त्यामुळे मॉडेल रेल्वेतला झेड गेजचा 6.5 मिमी रुंदीचा रूळ बरोबर बसतो. गाडी बोट मेल: मद्रासहून धनुष्कोडी, पुढे बोटीने श्रीलंकेतलं तलैमन्नार.

पाणी उथळ असल्याचा एक मोठा फायदा झाला. रेझिनचा 3 सेंमी थर म्हणजे प्रत्यक्षात 4.8 मीटर. खोली फुगवावी लागली नाही, की नजरेला फसवावं लागलं नाही. तळाशी वालुकाश्माचा कट्टा आहे. जहाजांसाठी एकोणिसाव्या शतकात तो फोडून वाट खोल केली. ती वाट शेर्झरच्या बरोबर खाली गडद ठेवली आहे.

चूक झाली ती फेसात. प्रत्येक खांबामागे पाण्याची शेपटी हवी म्हणून कापसाचे तंतू जेलमध्ये भिजवून लावले, सगळे उत्तरेच्या बाजूला. दिसायला सुरेख. मग लक्षात आलं की मी फळीवर डिसेंबर मांडतोय. ईशान्य मोसमी वाऱ्यात प्रवाह पाल्कच्या उपसागरातून मन्नारच्या आखातात, म्हणजे उत्तरेकडून दक्षिणेकडे जातो. नैऋत्य मोसमीत उलटा. शेपट्या दक्षिणेलाच हव्यात! दोन दिवस पॉलिश पेपर घेऊन सगळं घासून काढलं. मंडळी, सामुद्रधुनी करायला घेतलीत तर आधी महिना ठरवा. नदीला एकच दिशा असते, हिला दोन.

महिना ठरला की रंगही आपोआप ठरतो. डिसेंबरात उत्तरेचं पाणी खवळलेलं, गढूळ. दक्षिणेचं त्या मानाने शांत. उत्तरेच्या रेझिनमध्ये राखाडी-हिरव्याचा एक थेंब जास्त टाकला, दक्षिणेला निळसर ठेवलं. पुलाच्या रेषेवर दोन्ही रंग दातेरी टोकाने एकमेकांत शिरलेत, आणि मला स्वतःला संपूर्ण कामात तो वीतभर तुकडा सगळ्यात आवडतो.

वर्ष 1963 धरलंय, मुद्दाम. 1964 च्या 22 डिसेंबरच्या रात्री आलेल्या वादळात धनुष्कोडीजवळ अख्खी पॅसेंजर गाडी प्रवाशांसकट गेली, आणि पुलाच्या 145 गर्डरपैकी 126 वाहून गेले. रेल्वेचे अभियंते ई. श्रीधरन यांच्या देखरेखीखाली समुद्रातून गर्डर शोधून, वर काढून 46 दिवसांत पूल पुन्हा उभा राहिला. हे सगळं माहीत असताना तो डिसेंबर फळीवर मांडायला माझा हात धजत नाही.

उत्तरेच्या लाटांचा दुसरा हात काल रात्री दिला, अजून चिकट आहे. तो कडक झाला की शेर्झरची दोन्ही पाती बसवायची. ती हाताने लिव्हर फिरवून उघडत, म्हणून मीही मोटर न लावता बाजूला एक छोटी मूठ देणार आहे. पात्यांच्या मागची वजनं शिशाची करावीत की पितळेची, यावर कुणाचा अनुभव असेल तर जरूर सांगा.