नागासाकीच्या टेकडीवर आमचा गोन्सालो

नागासाकी स्टेशनातून बाहेर पडलं की निशिझाका टेकडी चालत काही मिनिटांवर. चढ छोटा, पण चांगलाच दमवतो. आपल्याकडून येणारे बहुतेक जण अणुबॉम्बचं संग्रहालय बघून परत फिरतात. मी वसईचा, मला आधी इथंच यायचं होतं.

५ फेब्रुवारी १५९७ रोजी जपानचा तेव्हाचा सत्ताधीश हिदेयोशी याच्या हुकमावरून या टेकडीवर २६ ख्रिस्ती लोकांना क्रुसावर चढवून भाल्यांनी भोसकलं. २० जपानी, सहा परदेशी फ्रान्सिस्कन (संत फ्रान्सिसच्या धर्मसंघातले), आणि त्या सहांत गोन्सालो गार्सिया. बाप पोर्तुगीज, आई वसईकडची. जेझुइट मिशनऱ्यांकडे शिकला, पोरवयातच त्यांच्याबरोबर जपानला आला आणि इथली भाषा पक्की शिकला. पुढे व्यापार केला. मग मनिलाला जाऊन फ्रान्सिस्कन झाला, तोही साधा ब्रदर. फादर तो कधीच नव्हता. १५९३ मध्ये फादर पेद्रो बाप्तिस्तांचा दुभाषा म्हणून तो हिदेयोशीपुढे उभा राहिला. मला तरी त्याच्या हौतात्म्याइतकंच हे दुभाषेपणही मोठं वाटतं.

टेकडीवर ग्रॅनाइटच्या भिंतीवर २६ ब्राँझचे पुतळे ओळीनं आहेत. शिल्पकार यासुताके फुनाकोशी, साल १९६२. जवळ जाऊन पावलं बघा: एकाचंही जमिनीला टेकलेलं नाही, बोटं खाली सुटलेली. ओळीत मधेच उंची एकदम कमी होते, ती मुलं. सगळ्यात लहान लुई इबाराकी, वय १२. १४ वर्षांच्या थॉमस कोझाकीनं वाटेतून आईला पत्र लिहिलं होतं. बाप त्याच्याबरोबरच मरणाकडे चालत होता. क्योटोत कानाच्या पाळ्या कापून, ऐन थंडीत त्यांना इथवर आणलं. निघाले तेव्हा २४ होते, दोघे वाटेत वाढले.

आता माझी एक कुरकुर. ५ फेब्रुवारी हा संत आगाथाचा दिवस, म्हणून रोमच्या पंचांगात हे सगळे ६ तारखेला, ‘संत पॉल मिकी आणि सोबती’ या नावाखाली (मिकी हा या २६ मधलाच एक जपानी). जपानी चर्च मात्र ५ तारीखच पाळतं. तारखेचं सोडा, पण आमचा गोन्सालो दोन्हीकडे गर्दीतच. १८६२ मध्ये पोप नववे पायस यांनी २६ जणांना संतपद दिलं, तोवर वसईच्या किल्ल्यावरचं पोर्तुगीज निशाण उतरून शंभरावर वर्षं झाली होती. निशाण गेलं, ख्रिस्ती गावं राहिली. आज गासच्या चर्चला त्याचं नाव आहे आणि वसईतल्या कॉलेजलाही. तिथं शिकलेल्या किती जणांना हा नागासाकीत मेला हे ठाऊक असेल, देव जाणे.

खाली उतरून कास्तेला खाल्ला. पोर्तुगीजांनी आणलेला हा केक इथं अजून जोरात खपतो, आणि गोड म्हणजे भलताच गोड. मग ट्रामनं ओउरा चर्च. ते १८६४ मध्ये बांधून झालं, याच २६ जणांना वाहिलेलं, आणि त्याचं तोंड निशिझाकाकडे. तिकीट काढावं लागतं आणि आत फोटोला बंदी आहे, तेव्हा मोबाइल खिशात ठेवूनच जा.