मरायला टेकलेली हार्ड डिस्क: आधी इमेज (डिस्कची हुबेहूब प्रत), मग बाकी सगळं

कारखान्यातल्या जुन्या कॉम्प्युटरवर जॅकार्डची (चादरीवर नक्षी विणणाऱ्या मागाची) सगळी डिझाइनं असतात आणि एके दिवशी फोल्डर उघडायलाच दोन मिनिटं लागतात. कॉपी करायला घेतली की ठरावीक फाइलवर अडकते. अशा वेळी अक्कलकोट रोड एमआयडीसीत काय किंवा घरी काय, पहिला हात चेकडिस्ककडे, म्हणजे विंडोजच्या डिस्क दुरुस्त करणाऱ्या प्रोग्रामकडे जातो. कृपा करून तो चालवू नका. चेकडिस्क फाइल सिस्टीम दुरुस्त करताना त्याच डिस्कवर लिहितो आणि धडपणे वाचता न आलेल्या फोल्डरच्या नोंदी कापून टाकतो. विंडोजने ‘फॉरमॅट करायचं का?’ विचारलं तर कॅन्सल.

आधी कान लावा. टक-टक-टक असा एका लयीत आवाज येत असेल तर हेड, म्हणजे आतल्या फिरत्या प्लेटवरून डेटा वाचणारा भाग, गेलंय. लगेच पॉवर काढा. हेड प्लेटपासून काही नॅनोमीटरवर तरंगतं, धुळीचा साधा कण त्याच्या हजारपट मोठा. म्हणून टेबलावर डिस्क उघडायची नाही. फ्रीजरमध्येही ठेवायची नाही, आत दव धरतं. हे काम क्लीन रूम असलेल्या लॅबचं.

आवाज नसेल तर स्मार्टचे, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते त्या नोंदींतले, ५, १९७ आणि १९८ हे आकडे बघा. १९७ म्हणजे वाचता न आलेले, निकाल लागायचा बाकी असलेले सेक्टर (डिस्कवरचे छोटे कप्पे). तो वाढतोय म्हणजे वेळ कमी आहे.

डिस्क यूएसबी एनक्लोजरमधून (बाहेरच्या डबीतून) काढून थेट साटा केबलने जोडा. मूळ डिस्कपेक्षा मोठी रिकामी डिस्क घ्या, लाइव्ह लिनक्स (इन्स्टॉल न करता पेनड्राइव्हवरून चालणारं लिनक्स) चालू करा आणि त्यात डीडीरेस्क्यू हा इमेज काढणारा प्रोग्राम वापरा. कुठली डिस्क कुठली, हे सीरियल नंबरवरून दोनदा ताडा. कमांडमध्ये सोर्स (खराब डिस्क) आणि डेस्टिनेशन (रिकामी डिस्क) उलटं झालं की खेळ संपला. कमांडमधलं तिसरं नाव मॅपफाइलचं, म्हणजे कुठवर वाचून झालं याची नोंद ठेवणाऱ्या फाइलचं. ती वेगळ्याच पेनड्राइव्हवर ठेवा. लाइव्ह लिनक्सच्या होम फोल्डरमध्ये ठेवली तर लाइट गेल्यावर ती पुसली जाते आणि अख्खं काम पहिल्यापासून. मॅपफाइल शाबूत असेल तर तीच कमांड पुन्हा दिली की थांबलं तिथून पुढे.

पहिली फेरी ‘एन’ पर्यायाने, म्हणजे खराब जागा खरवडत न बसता सोपं ते आधी निघतं. मग ‘डी’ आणि ‘आर ३’ लावून उरलेल्या जागी तीन प्रयत्न. धडधाकट १ टीबी सेकंदाला १०० एमबीने पावणेतीन तासांत होते. खराब डिस्कला दिवसही लागतात. सोलापूरच्या मे महिन्यात खोलीच चाळिशीला असते आणि बऱ्याच डिस्कची मर्यादा ६० अंश, तेव्हा टेबलफॅन थेट डिस्कवर सोडा. ५०० जीबीतले ९९.९ टक्के निघाले तरी ५०० एमबी बाकी असतात, पण त्यात विंडोजच्याही फाइली असू शकतात. तिथे हट्ट धरू नका.

पुढचं सगळं इमेजवर. ती रीड-ओन्ली माउंट करा, म्हणजे फक्त वाचण्यापुरती उघडा. पार्टिशन (डिस्कचा भाग, जसा डी ड्राइव्ह) दिसत नसेल तर ते शोधणारा टेस्टडिस्क. फाइली शोधून काढणारा फोटोरेक अगदी शेवटी, कारण तो बीएमपी (डिझाइनच्या चित्रांच्या फाइली) काढून देतो पण नावं जातात. डिझाइन नंबर नावातच असतो, मग एकेक चित्र उघडून नमुन्याच्या चादरीशी ताडत बसावं लागतं.