दर्यापूरहून दर्याकडे

तालुक्याच्या नावातच दर्या, पण आमच्या घरात समुद्र कुणीच पाहिला नव्हता. यंदा मे महिन्यात नांगरट उरकली, मृगाला अजून वेळ होता, म्हणून निघालो. माय, आम्ही दोघं, धाकटा भाऊ, त्याची बायको आणि दोन पोरं. मूर्तिजापूरहून रात्रीची गाडी, पुढे पनवेलहून कोकण रेल्वेनं चिपळूण आणि तिथून एसटीनं गुहागर.

अख्खं घरच भाड्यानं घ्यायचं हे आधीच पक्कं होतं. मायचे गुडघे दुखतात, जिना नको, आणि ज्वारीच्या भाकरीशिवाय तिचं भागत नाही. फोनवर विचारून घेतलं: गॅस आणि भांडी आहेत का, संडास कमोडचा आहे का, समुद्र पायी किती? ‘पाच मिनिटं’ म्हणाले. मायच्या चालीनं पंधरा लागली. भाडं रोजचं ४५०० रुपये. सात जणांत परवडलं.

घर जांभ्या दगडाचं, कौलारू. पुढे पडवी, म्हणजे आपली सपरीच. मागे नारळ-पोफळीची वाडी. कूलर नाही म्हणून पोरं हिरमुसली. पण तिथल्या हवेतच इतका ओलावा, की कूलरचं पाणी उडणार कसं आणि गारवा येणार कुठून? दुपारी पंख्याखालीही घामाघूम व्हायचो. संध्याकाळी समुद्रावरून वारा आला की मात्र पडवी सोडवत नसे.

वाडीत विहीर होती. मायनं रहाट ओढला, ओंजळीत पाणी घेतलं आणि नुसते ओठ ओले करून थांबली. सवयच ती. आम्ही खारपाणपट्ट्यातले. पूर्णेच्या खोऱ्यात, अमरावती, अकोला, बुलडाणा या तीन जिल्ह्यांत पसरलेला हा पट्टा. विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही आणि ओलिताला दिलं तर जमीन चोपण, म्हणजे घट्ट आणि नापीक होते. मी लहान असताना माय नदीत झिरा खोदून वाटीवाटीनं गुंड भरायची. आता शहानूर धरणाचं पाणी नळाला येतं.

मग ती घटाघटा प्यायली. “बापा, हे त गोड हाय! अन् समुद्र तं इथून ऐकू येऊन राह्यला!”

घरमालक काकांनी उलगडून सांगितलं. पावसाचं पाणी वाळूत मुरतं आणि खाऱ्या पाण्यापेक्षा हलकं म्हणून त्याच्यावर तरंगत राहतं. फार उपसा केला तर खालचं खारं वर येतं, म्हणून ते पंप मोजकाच चालवतात. तेव्हापासून माय नहाणीच्या दाराशी उभी राहून नातवंडांना बजावायची, “दोन बादल्या, बस!”

व्याडेश्वराचं दर्शन झालं, अंजनवेलचा गोपाळगड झाला. हेदवीची बामणघळ, म्हणजे भरतीचं पाणी जिथून वर उसळतं ती खडकातली चीर, पाहायची असेल तर भरतीची वेळ विचारूनच जा; ती रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते. आम्ही ओहोटीला पोचलो आणि पाणी उसळताना काही दिसलं नाही. पोरांना त्याची हळहळ अजून आहे.

पण खरी मजा स्वयंपाकघरात होती. काकूंनी घावने आणि फणसाची भाजी आणून दिली. मायनं त्यांना समोर बसवून ज्वारीची भाकर थापून दाखवली. उकड न काढता एवढी मोठी भाकर हातावर कशी पेलते, म्हणून काकू दुसरीही थापायला लावत होत्या.

निघताना मायनं विहिरीच्या पाण्याच्या दोन बाटल्या भरून घेतल्या. एक गाडीत संपली. दुसरी तिनं गावी पोचल्यावर शेजारच्या म्हातारीला नेऊन दिली. दोघी एकाच झिऱ्यावर पाणी भरायच्या.