अठ्ठावीस म्हणजे वाफसा

बांधावरून जाणारा माणूस आमच्या द्राक्षबागेतल्या हवामान केंद्राच्या पांढऱ्या खांबाकडे बघतो, गाडीचा वेग कमी करतो आणि विचारतो, "वहिनी, याचा खर्च निघाला का?" दर वेळी मी वेगळं उत्तर देते. आज नीट सांगते.

बाग निफाड तालुक्यात. तीन एकर थॉमसन जातीची द्राक्षं, डॉगरिज खुंटावर कलम केलेली, नऊ बाय पाच फुटांची लागवड. वरचा एक एकर मुरमाड, खालचे दोन काळे, ओढ्याकडे उतरत गेलेले. २०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात पाऊस उघडायलाच तयार नव्हता. चिखलामुळे फवारणीचा ब्लोअर आत घालता येईना, आणि डाऊनीने, म्हणजे केवडा रोगाने, तालुक्यातल्या बागा डोळ्यांदेखत गेल्या. आमचीही गेली. पुढच्या वर्षी हा खांब उभा राहिला. ऊन, पाऊस, वारा, तापमान, आर्द्रता, पान किती वेळ ओलं राहिलं ते सांगणारी एक पट्टी, आणि खालच्या प्लॉटच्या बोदात, म्हणजे वेलींच्या ओळीखालच्या मातीच्या वरंब्यात, ओलीचे दोन सेन्सर, एक फूटभर खोल, दुसरा दोन फुटांवर. नाना, म्हणजे माझे सासरे, म्हणाले, "एवढ्यात दोन ट्रॉल्या शेणखत आलं असतं." दोन नाही, बऱ्याच आल्या असत्या, पण ते मी तेव्हा बोलले नाही.

बसवायला आलेला पोरगा "तीसच्या खाली ठेवा" एवढं सांगून गेला. तीस काय? मोबाईलवर आकडा दिसायचा आणि त्याखाली सेंटीबार असं लिहिलेलं. मी महिनाभर समजत होते की हा जमिनीतल्या पाण्याचा आकडा आहे, म्हणजे वाढला की चांगलं. उलटं निघालं. मुळीला मातीतून पाणी ओढायला किती जोर लावावा लागतोय, ते तो सांगतो. शून्याजवळ असला तर चिखल. चढत गेला की मुळीची ओढाताण. म्हणून मुरमात वीस आणि काळ्यात वीस दिसलं तरी दोन्हीकडे पाणी सारखं नसतं, काळ्या जमिनीच्या पोटात कितीतरी जास्त असतं.

मग तीस का? माझ्या जमिनीचा वाफसा कितीवर येतो ते त्या पोराला कसं कळणार? वाफसा हा शब्द आपल्याकडच्या लहान पोरालाही माहीत असतो, मुळीजवळ पाणीही आहे आणि हवाही, अशी अवस्था. मी एकदा बोद तुडुंब भिजवला आणि रोज सकाळी सेन्सरपासून हातभर अंतरावर खुरप्याने उकरून मूठभर माती दाबून बघितली. पहिल्या दिवशी हाताला चिकटली. मग लाडू झाला, पण फुटेना. ज्या सकाळी लाडू झाला आणि अंगठा लावताच मोकळा झाला, त्या दिवशी मोबाईलवर २८ होतं. भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवलं. पुढे मुरमाडासाठी वेगळा सेन्सर घेतला तेव्हा तोच खेळ केला, तिथे वाफसा १५ वर आला. पाचच मिनिटांच्या अंतरावरच्या दोन जमिनी, आणि आम्ही इतकी वर्षं दोन्हींना एकाच व्हॉल्व्हने पाणी देत होतो.

पहिला हिशेब नानांच्या दोन तासांचा झाला. थंडीत रोज दोन तास ठिबक, हा घरचा नियम. वेलीला चार लिटरचे दोन ड्रिपर, एकरी ९६८ वेली, म्हणजे ताशी साधारण ७,७०० लिटर. दोन तासांत १५,४००. एकरावर एक मिलिमीटर पाणी म्हणजे ४,००० लिटरच्या थोडं वर, तेव्हा आम्ही रोज पावणेचार मिलिमीटर पाऊस पाडत होतो. डिसेंबरात खांब सांगत होता की दिवसाला साडेतीन मिलिमीटर उडतंय, आणि पिकाच्या अवस्थेचा गुणांक लावला की त्यातलं निम्म्याहून थोडं जास्त वेलीला लागतं. म्हणजे तासाभराच्या ठिबकचं काम. खालचा, दोन फुटांवरचा सेन्सर तर सगळा हिवाळा ६ च्या वर सरकला नव्हता. आम्ही तिथे खड्डा घेतला. पांढरी, म्हणजे पाणी ओढणारी जिवंत मुळी औषधालासुद्धा दिसली नाही, सगळी तपकिरी. नाना खड्ड्याच्या काठावर बसून बराच वेळ बघत राहिले, मग उठून स्वतःच व्हॉल्व्ह बंद करून आले.

पुढची चूक मात्र माझी, आणि ती महागात पडली. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर चाळीस ते साठ दिवसांच्या दरम्यान काडीत पुढच्या वर्षीचे घड तयार होतात. त्या काळात पाणी आवरतं घ्यायचं, म्हणजे शेंड्याचा जोर कमी होतो. मे महिन्यात एका दुपारी फूटभर खोलीवरच्या सेन्सरचा आकडा ४० वरून एकदम १४० वर गेला. मी घाबरले. तीन रात्री पाणी सोडलं, तरी आकडा उतरेना, म्हणून चौथ्या रात्रीही सोडलं. सेन्सरवाल्यांना फोन केला तर पलीकडून "सेन्सर व्यवस्थित आहे" एवढंच. पाचव्या दिवशी खुरपं घेतलं. काळी जमीन उन्हाने आकसून भेगाळली होती आणि एक भेग नेमकी सेन्सरला चाटून गेली होती. बिचारा हवेत लटकत होता. आजूबाजूला चिखल आणि तो सांगतोय वाळवंट. शेंडे तोवर सुसाट सुटले होते. फळासाठीच्या ऑक्टोबर छाटणीनंतर त्या ओळींत बरेच घड जिरून बाळ्या, म्हणजे नुसते ताणे, निघाल्या. सगळा दोष पाण्यावर घालणार नाही, त्या जूनमध्ये ढगाळही खूप होतं. पण चार रात्री माझ्या होत्या. आता आकड्याने उडी मारली की आधी खुरपं, मग मोटार. ओल हळूहळू उतरते, उडी मारत नाही.

पावसाच्या डब्याचीही एक गंमत. ऑक्टोबरात रात्री पत्र्यावर धो धो ऐकू आलं आणि सकाळी मोबाईलवर पाऊस ०. डब्याच्या नरसाळ्यात कोळ्याने घर केलं होतं. त्या दिवसापासून खांबाशेजारी नानांनी एक घमेलं ठेवलंय. मी हसले होते, पण आता मीही आधी घमेल्यात डोकावते.

तरीही खर्च निघालाय तो याच बाजूने. पूर्वी "पिंपळगावला पाऊस झाला" असा फोन आला की आम्ही ब्लोअर जोडायचो. आता आपल्या बागेत पडला का, पान किती तास ओलं होतं, हे बघून ठरवतो. गेल्या हंगामात डाऊनीच्या तीन फवारण्या अशा वाचल्या. एक सावधगिरी: डाऊनीला पानावर पाणी लागतं, भुरी या दुसऱ्या रोगाला लागत नाही. पट्टी कोरडी आहे म्हणून मी निर्धास्त बसले त्या वर्षी भुरीने घडांवर पीठ मळलं. विम्याला मात्र माझा पाऊस चालत नाही, तिथे महसूल मंडळातल्या केंद्राचा आकडा धरतात आणि ते आमच्यापासून सात किलोमीटरवर आहे. २६ नोव्हेंबर २०२३ ला गारा आल्या तेव्हा खांबाने आधी काही सांगितलं नाही. सांगणार कसा? तो झालेलं मोजतो. वारा मोजणारी वाटी मात्र तुटून ओढ्यात सापडली.

थंडीचं वेगळं. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्राचा पारा पेपरात सकाळी छापून येतो, तोवर मणी तडकायचे ते तडकून गेलेले असतात. आमचा ओढ्याकाठचा प्लॉट त्याहून गार पडतो. मी पाच अंशांचा अलार्म लावलाय. पहाटे साडेतीनला तो वाजतो. विहिरीचं पाणी कोमट असतं, ठिबक सोडलं की बोदाला ऊब मिळते, म्हणून मी शाल गुंडाळून मोटारीकडे पळते, आणि मोटारीला लागणारी थ्री फेज वीज नेमकी त्या आठवड्यात दिवसा असते. मग शेकोट्या. त्यासाठी काटक्या आणि ओला पाला आधीच बांधावर रचून ठेवतो.

येत्या एप्रिलला छाटणी झाली की खालच्या प्लॉटचा सेन्सर तिसऱ्या ओळीतून सातव्या ओळीत हलवायचाय. तिसरी ओळ ओढ्याला फार जवळ आहे, ती कायम ओली, तिच्यावरून दोन एकर चालवणं बरोबर नाही. सातव्या ओळीतली वेल नानांनी निवडली आणि खोडाला लाल सुतळी बांधून ठेवली. या वेळी सेन्सर बसवताना त्याच खड्ड्याची माती कालवून त्याच्याभोवती घट्ट लिंपणार आहे, आणि मेमध्ये तिथे उसाच्या पाचटाचं जाड आच्छादन टाकणार आहे. भेग तरी पडू नये.