दुर्मीळ पक्षी हवेत? आधी धरणाचा साठा आणि तिथी बघा

डिसेंबर लागला की उजनी धरणाच्या काठच्या भिगवणच्या वाटेवर गाड्यांची रीघ लागते, आणि परतणाऱ्यांपैकी बरेच जण हिरमुसलेले असतात. रोहित (फ्लेमिंगो) नाहीत, दिसले ते लांब कुठेतरी गुलाबी ठिपके. दोष पक्ष्यांचा नसतो. पाऊस चांगला झालेल्या वर्षी डिसेंबरात उजनी तुडुंब असते, पाणी थेट उसाच्या बांधाला टेकलेलं. रोहित पक्ष्याला चोच उलटी करून गाळता येईल असं उथळ पाणी लागतं, आणि चिखल्या-तुतारींसारख्या चिखलात चरणाऱ्या लहान पक्ष्यांना ओला उघडा गाळ. दोन्ही तेव्हा पाण्याखाली असतात.

म्हणून भिगवणला जाण्याआधी कॅलेंडर बघू नका, उजनीचा साठा बघा. धरणाचा एकूण साठा सुमारे ११७ टीएमसी, त्यातला सुमारे ६३ टीएमसी मृतसाठा. बातम्यांत येणारी टक्केवारी फक्त उपयुक्त साठ्याची असते, त्यामुळेच उन्हाळ्यात उजनी ‘उणे’ गेल्याच्या बातम्या येतात. कालवा आणि नदीत आवर्तनं सुटून टक्केवारी घसरू लागली, की कुंभारगाव आणि डिकसळच्या बाजूला गाळाचे पट्टे उघडे पडतात. भरल्या वर्षी हे जानेवारीच्या उत्तरार्धात किंवा फेब्रुवारीत होतं. पाऊस कमी झाला असेल तर बरंच आधी. पट्टकादंब (बार-हेडेड गूज) आणि बदकांना गाळाची एवढी गरज नसते, ती भर हिवाळ्यात असतातच.

आता मुद्द्याचं. रोहित देखणा आहे, दुर्मीळ नाही. दुर्मीळ पक्षी बहुतेक वेळा सामान्य पक्ष्यांच्या थव्यात मिसळलेला असतो आणि तो थवा चाळूनच सापडतो. गाळावर दोन-तीनशे ब्लॅक-टेल्ड गॉडविट (लांब चोचीचे चिखलपक्षी) बसलेले असतील तर एका टोकाला दुर्बीण लावा आणि दुसऱ्या टोकापर्यंत एकेक पक्षी बघत जा. पाठ एकरंगी राखाडी असेल तर पुढे सरका. पाठीवर कुरल्या (कर्ल्यू) पक्ष्यासारख्या गडद रेघा, पाय आखूड आणि चोच किंचित वर वळलेली दिसली तर थांबा, तो बार-टेल्ड गॉडविट असू शकतो. तो किनाऱ्यावरचा पक्षी, धरणाच्या गाळावर क्वचित येतो. खात्री उडताना होते: ब्लॅक-टेल्डच्या पंखावर ठसठशीत पांढरा पट्टा असतो, बार-टेल्डला तो नसतो. त्यासाठी थवा उडवायचा मात्र नाही. एखादा दलदली भोवत्या (मार्श हॅरियर हा शिकारी पक्षी) येऊन ते काम करतोच.

८×४२ ची दुर्बीण नावेत पुरते. काठावरून बघायचं तर २०-६० पटींचा स्कोप हवा, आणि तोही सकाळी दहापर्यंतच. नंतर पाण्यावरची हवा थरथरू लागते, पायांचा रंगसुद्धा कळत नाही. साठपट मोठं करून थरथर साठपट दिसते, एवढंच. नावाड्याला आधीच सांगा: थव्यावर सरळ जायचं नाही, तिरकं जायचं, आणि लांबूनच इंजिन बंद करून बांबूने ढकलत न्यायचं. रोहितांच्या माना एकदम वर झाल्या की तिथेच थांबायचं. पुढचं पाऊल म्हणजे उडणारा थवा, आणि फोटोत फक्त शेपट्या.

करकोच्यांसाठी (डेमॉइझेल क्रेन) आणि क्रौंचांसाठी (कॉमन क्रेन) नाशिक जिल्ह्यातलं नांदूर मधमेश्वर बघा. गोदावरी-कादवा संगमाजवळच्या बंधाऱ्यात गाळ साचून उथळ झालेलं हे पाणी महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. चापडगावचा मनोरा सगळ्यांना ठाऊक असतो, पण क्रौंचवर्गीय पक्षी दिवसभर पाण्यावर बसत नाहीत. रात्र पाण्यात उभं राहून काढतात, उजाडलं की हरभऱ्याच्या आणि गव्हाच्या शेतांत चरायला जातात. म्हणजे एकतर उजाडायच्या आत मनोऱ्यावर असा, नाहीतर शेतरस्त्यांवरून त्यांचे कर्कश आवाज ऐकत हिंडा. करकोच्याचा काळा रंग गळ्यावरून छातीखाली लोंबतो आणि डोळ्यामागे पांढरा तुरा असतो. क्रौंच मोठा, त्याचा काळा रंग मानेवरच संपतो. शेतात पाय टाकण्याआधी मालकाला विचारा. पिकात शिरलेल्या फोटोग्राफरांनी काही वाटा आपल्या सगळ्यांसाठीच बंद केल्यात.

माळरानावरचे भोवत्ये हा वेगळा विषय. इंदापूर तालुक्यातलं कडबनवाडीचं गवत भिगवणहून जवळ आहे, तेव्हा सकाळ पाण्यावर आणि संध्याकाळ माळावर असा बेत जमतो. वनविभागाच्या गवताळ सफारीची नोंदणी ऑनलाइन करावी लागते. ऑक्टोबर ते मार्च भोवत्ये दिवसभर एकेकटे हिंडतात आणि सूर्यास्ताला ठरलेल्या गवतात एकत्र उतरतात. सूर्यास्ताआधी पाऊण तास, सूर्य पाठीशी घेऊन, गवतापासून लांब बसा. नर ओळखणं सोपं: मॉण्टेग्यू भोवत्याच्या पंखावर आडवी काळी पट्टी असते. पॅलिड भोवत्या फिकट आणि स्वच्छ असतो, पंखाच्या टोकाला फक्त काळी निमुळती पाचर. घोळ होतो तो तपकिरी माद्या आणि पिल्लांत. तिथे पंख सोडा, मान बघा. गालाच्या गडद डागामागे फिकट कॉलर आणि त्याखाली पुन्हा गडद पट्टा असेल तर पॅलिड. कॉलर नीट दिसली नाही तर वहीत नुसतं ‘भोवत्या’ लिहा, त्यात कमीपणा नाही.

किनाऱ्यावर मात्र साठ्याऐवजी तिथी लागते. कोकणातला जुना हिशोब सोपा आहे: तिथीला पाऊणने गुणलं की भरतीची वेळ. अष्टमीला आठ गुणिले पाऊण, म्हणजे सहा वाजता, पुन्हा साधारण साडेबारा तासांनी. वेळ थोडी इकडेतिकडे होते. ओहोटीला कुरव (गल) आणि सुरय (टर्न) मैलभर पसरलेले असतात. पाणी चढू लागलं की उरलेल्या वाळूच्या पट्टीवर गोळा होतात आणि तुमच्याकडे सरकतात. अलिबागजवळचं आक्षी पश्चिमेला तोंड करून आहे, म्हणजे प्रकाश पाठीशी हवा तर सकाळ हवी. द्वादशी-त्रयोदशीला भरती नऊ ते पावणेदहाला येते. सातला पोचा, आणि शक्यतो रविवार टाळा. घोडागाडी, मोटारी आणि कुत्री यांच्यापुढे कोणताच थवा टिकत नाही.

तिथेही चाळणंच. गर्दी तपकिरी आणि काळ्या डोक्याच्या कुरवांची. हिवाळ्यात दोघांचंही डोकं पांढरं होतं, म्हणून नावावर जाऊ नका. प्रौढ तपकिरीचा डोळा फिकट आणि पंखाच्या काळ्या टोकात पांढरे ठिपके, काळ्याचा डोळा गडद. या गर्दीत लांब उतरत्या कपाळाचा आणि लांबट चोचीचा कुणी दिसला तर स्लेंडर-बिल्ड गल आहे का ते तपासा.

काही वेगळं सापडलं तर पुस्तक उघडण्याआधी वहीत लिहा: चोच, पाय, पाठ, उडताना पंख. पुस्तक बघितल्यावर डोळ्यांना नसलेल्या खुणाही दिसू लागतात. धूसर फोटोही काढा, नोंद तपासणाऱ्याला तो पुरतो. ठिकाण ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर टाकायला हरकत नाही, पण वनपिंगळ्याच्या किंवा इतर घुबडांच्या झाडाचं लोकेशन व्हॉट्सअ‍ॅप गटात टाकू नका, आणि आवाज वाजवून त्यांना बाहेर बोलावू नका. दुसऱ्या दिवशी त्या झाडाखाली वीस माणसं उभी असतात.