मामांच्या बॅटऱ्या आणि आमचं नेट मीटर

गच्चीवर सोलर बसवतोय म्हटल्यावर पहिला फोन दापोलीच्या मामांचा आला. "बॅटरीवालंच घे. तारेवर विसंबू नकोस." मामांचं चुकत नव्हतं. जून २०२० च्या निसर्ग वादळात त्यांच्याकडे खांबच आडवे झाले, कित्येक दिवस अंधार, विहिरीचं पाणी हाताने शेंदायचं. तेव्हापासून त्यांचं घर ऑफ-ग्रिड आहे, म्हणजे वीज कंपनीच्या तारेला जोडलेलंच नाही.

पण आम्ही राहतो मुलुंडला. इथे लाईट किती वेळा जाते? आई म्हणे सारखी जाते, बायको म्हणे कुठे जाते! शेवटी जानेवारीपासून स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर पेन्सिलीने खुणा करायला लागलो. तीन महिन्यांत चार खुणा, त्यातली मोठ्यात मोठी पाऊण तासाची. आईने १२ ऑक्टोबर २०२० काढला, तेव्हा लोकलसुद्धा थांबल्या होत्या. बरोबर, पण तो दिवस अजून लक्षात आहे म्हणजेच तसे दिवस मोजके.

मग बिलं काढून बसलो. महिन्याला साधारण ३३० युनिट, म्हणजे दिवसाला ११. त्यातली सहा सूर्य मावळल्यावरची. १५० अँपिअर-अवरच्या १२ व्होल्टच्या बॅटरीत १.८ युनिट मावतात, आणि ती टिकवायची तर निम्म्याखाली उतरवू नये. म्हणजे एका रात्रीला सात बॅटऱ्या. एकेक पन्नास-साठ किलोची, वर त्यात पाणी घालत राहा, आणि चार-पाच वर्षांनी पुन्हा नव्या आणा. श्रावणातल्या ढगाळ आठवड्याचं काय, हा प्रश्न उरतोच. उलट एप्रिलमध्ये दुपारी बॅटऱ्या भरल्या की पुढचं ऊन वाया. मला हेच जास्त खटकलं. ऑन-ग्रिडला, म्हणजे कंपनीच्या तारेला जोडलेल्या सोलरला, तीच जादाची वीज तारेत जाते, नेट मीटर ती वेगळी मोजतं आणि ती बिलातून वजा होते.

शिवाय केंद्र सरकारच्या सूर्यघर योजनेचं अनुदान ग्रिडला जोडलेल्या यंत्रणेलाच. तीन किलोवॅटला ७८,००० रुपये, पॅनल मात्र भारतीय सेलचेच हवेत. मामांना हे सांगितलं तर म्हणाले, "अनुदानाने पंखा फिरतो का?"

तीन किलोवॅटला तीनशे चौरस फूट जागा लागते, ती होती. पहिल्या विक्रेत्याने खालूनच गच्ची बघून कोटेशन दिलं. दुसरा मुलगा दुपारी साडेतीनला वर चढला आणि शेजारच्या माडाची सावली कुठवर येते ते खडूने आखून गेला. पॅनल एका माळेत जोडलेले असले तर एकावरची सावली सगळ्या माळेला भोवू शकते, हे त्याच्याकडून कळलं. काम त्यालाच दिलं. आधी स्लॅबचं वॉटरप्रूफिंग करून घेतलं. ते नंतर करायचं तर सगळा सांगाडा काढावा लागला असता.

पॅनल दोन दिवसांत बसले. नेट मीटर येईपर्यंत मात्र पाच आठवडे ते नुसते ऊन खात पडले होते. अर्ज, तपासणी, करार, मग मीटर. तोवर यंत्रणा चालू करायची नाही.

मे महिन्यात रोज बारा-तेरा युनिट, जुलैत त्याच्या निम्मीसुद्धा नाहीत. मेची शिल्लक जुलैला उपयोगी पडली. स्थिर आकार सुटत नाही, त्यामुळे बिल शून्यावर येईल असं कुणी सांगितलं तर मनावर घेऊ नका.

एक गोष्ट आईला आधी सांगायला हवी होती. एका सकाळी अकराला लाईट गेली आणि घर गप्प. "डोक्यावर एवढं ऊन आणि पंखा बंद?" मग समजावलं, की ग्रिड, म्हणजे तारेतली वीज, गेली की आपला सोलरचा इन्व्हर्टर आपणहून थांबतो, नाहीतर आपली वीज तारेत उतरेल आणि दुरुस्तीला चढलेल्या वायरमनच्या जिवावर बेतेल. जुना एका बॅटरीचा इन्व्हर्टर मी विकला नव्हता. दोन पंखे आणि तीन दिवे त्यावर टाकले.

आता दिवसा लाईट गेली की आई पंख्याकडे न बघता खिडकीशी जाते आणि खांबावर कोण चढलंय ते बघते.